काकांची प्यूजो आणि सत्तर हजारांचा आकडा

वाचकाचं पत्र: आमच्या गिरगावातल्या चाळीचं रिडेव्हलपमेंट सुरू होतंय. दीड महिन्यात खोली रिकामी करायची आहे. गॅलरीत छताला माझ्या काकांची रेसिंग सायकल टांगलेली आहे. काका बोटीवर होते, १९७३ की ७४ साली त्यांनी ती अमेरिकेतून आणली. पांढरी, प्यूजो कंपनीची, दहा गियरची. फ्रेमवर पुसट यूओ-८ असं दिसतं. कित्येक वर्षांत ती चाललेली नाही. नेटवर अशीच एक आठशे डॉलरला, म्हणजे जवळपास सत्तर हजारांना दिसली. चोर बाजारातला माणूस अडीच हजार म्हणतो. वांद्र्याच्या एका कॅफेवाल्याला भिंतीवर लावायला हवी आहे, तो बारा हजार देतो. आमच्या गल्लीतला सायकलवाला म्हणतो, नऊ हजारांत रंग, निकेल सगळं नवं करतो, मग तीस हजारांना सहज जाईल. काका आता नाहीत, काकू आमच्याकडेच असतात. पुण्यातल्या चुलत भावाला वाटतं, मी घाईत सायकल फुकट घालवतोय. खरी किंमत किती धरायची? आणि आधी दुरुस्त करू का? – एक वाचक, गिरगाव

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. सत्तर हजार डोक्यातून काढा. रंग-निकेल काहीही करू नका. तुमच्या वर्णनावरून तरी कॅफेवाल्याचे बारा हजार हा सध्या तुमच्यासमोरचा सगळ्यात चांगला भाव आहे. थोडी घासाघीस केलीत तर तो आणखी हजार-दोन हजार वर येईलही. मात्र त्याला होकार कळवण्याआधी तासभर वेळ काढा, सायकल खाली उतरवा, फडकं मारा आणि नीट बघा. ती खरंच यूओ-८ आहे ना, एवढं पक्कं करायचं आहे. ती दुसरीच निघाली तर माझं हे सगळं उत्तर बदलेल.

आठशे डॉलर हा कुणीतरी मागितलेला भाव आहे. तो कुणी दिला का, हे त्या जाहिरातीत कळत नाही. ब्रोकर खोलीचा जो भाव सांगतो आणि शेवटी सौदा ज्या भावाला मिटतो, त्यांत किती मजल्यांचं अंतर असतं हे गिरगावकराला मी काय सांगू! परदेशी लिलावाच्या साइटवर फक्त विकल्या गेलेल्या वस्तू दाखवायची सोय असते, ती लावून बघा. माझ्या पाहण्यात चालू स्थितीतल्या यूओ-८ बहुतेक वेळा शंभर ते अडीचशे डॉलरच्या दरम्यान जातात. आणि तो भाव तिथला, तिथल्या गिऱ्हाइकाचा. मुंबईहून एवढा मोठा खोका पॅक करून विमानाने पाठवायचा तर खर्च सायकलच्या किमतीला खाऊन वर ढेकर देईल.

प्यूजो नावाचा दबदबा खोटा नाही. बर्नार्ड तेवने या फ्रेंच सायकलपटूने १९७५ आणि १९७७ ची टूर द फ्रान्स प्यूजोच्या संघातून जिंकली. एडी मर्क्सने १९६६ आणि १९६७ साली मिलान-सान रेमो शर्यत मारली, तेव्हा तोही प्यूजोकडेच होता. पण कंपनी एक आणि सायकली अनेक. शर्यतीच्या घराण्यातली होती पीएक्स-१०. यूओ-८ ही कॉलेजच्या पोराने, बँकेतल्या कारकुनाने किंवा बंदरात दोन दिवस थांबलेल्या तुमच्या काकांसारख्या माणसाने पगारातून घ्यावी अशी मधल्या फळीतली. शिवाय काकांनी ती घेतली तो काळ अमेरिकेतल्या सायकलवेडाचा. एकट्या १९७३ सालात तिथे दीड कोटीच्या आसपास सायकली खपल्या, आणि त्या लाटेत यूओ-८ ढिगाने गेल्या. पन्नास वर्षं जुनी असली तरी ती दुर्मीळ नाही. आपल्याकडे ती क्वचित दिसते हे खरं, पण तिच्यासाठी जास्त पैसे मोजणारा माणूसही आपल्याकडे तितकाच क्वचित दिसतो.

आता ओळख पटवायची. स्टिकरवर विसंबू नका. पन्नास वर्षांत स्टिकर उडतात, कुणी दुसरे चिकटवतं, आणि पीएक्स-१० सुद्धा पांढऱ्या रंगात यायची. पहिल्यांदा क्रँक बघा, म्हणजे पायडलचा दांडा जिथे मधल्या एक्सलला धरलेला असतो ती जागा. आपल्या साध्या काळ्या सायकलीसारखी आडवी कॉटर पिन ठोकलेली असेल आणि दांडा निकेल केलेल्या लोखंडाचा असेल, तर ती पीएक्स-१० नाही, बहुधा यूओ-८ च. पीएक्स-१० ला ॲल्युमिनियमचा, बिनकॉटरचा, स्ट्राँगलाइट कंपनीचा क्रँक असतो. शंका असेल तर लोहचुंबक लावा.

मग सीटचा दांडा बाहेर काढून बघा. कुठल्याही जुन्या सायकलची प्रत ओळखायची मला सगळ्यात आवडणारी युक्ती हीच आहे. फ्रेमच्या नळ्या बाहेरून जवळपास सारख्याच जाडीच्या दिसतात, फरक असतो तो आतल्या भिंतीत. भिंत पातळ म्हणजे पोलाद भारी, फ्रेम हलकी आणि आत बसणारा सीटचा दांडा जाड. यूओ-८ ला साधारण २४ मिलिमीटरचा दांडा लागतो, पीएक्स-१० ला २६.४ च्या आसपासचा. इंग्लिश किंवा इटालियन मापाच्या सायकलीत २७.२ चा दांडा निघाला तर समजावं की नळ्या चांगल्या आहेत. दोन-तीन मिलिमीटरचा हा फरक उचलताना हाताला लगेच कळतो. यूओ-८ तेराएक किलो भरते, पीएक्स-१० दहाच्या आसपास. पीएक्स-१० च्या नळ्या रेनॉल्ड्स ५३१ या मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाच्या. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सने १९३५ साली हे पोलाद बाजारात आणलं. नळीची भिंत टोकांना जाड आणि मध्ये पातळ, त्यामुळे जोडाला ताकद आणि वजनाला बचत. तिच्यावर ५३१ चं स्टिकर असायचं. त्या काळच्या कुठल्याही जुन्या फ्रेमवर ते आकडे दिसले तर तिथेच थांबावं आणि भाव करायची घाई करू नये. आणखी एक खूण मागच्या चाकाचा एक्सल ज्या खाचेत बसतो त्या पट्टीची. पत्रा कापल्यासारखी चपटी असेल तर मधली फळी, जाड आणि घडीव असेल तर वरची.

समजा या तपासणीत तुमची सायकल पीएक्स-१० निघाली, तर कॅफेवाल्याला नम्रपणे नकार द्या आणि मला पुन्हा लिहा. मग सत्तर हजारांना हसायचं कारण उरणार नाही. पण दहा गियर, १९७३-७४, अमेरिका आणि फ्रेमवरचं पुसट यूओ-८ हे सगळं जुळतंय. तेव्हा पुढचं यूओ-८ धरूनच लिहितो.

मधल्या फळीतल्या जुन्या सायकलचा हिशोब उलटा करायचा असतो. सोन्याचं पाणी दिलेल्या जुन्या घड्याळाप्रमाणेच तिलाही स्वतःची अशी किंमत नसते. ती चालती झाली तर कितीला जाईल हा आकडा घ्यायचा आणि चालती करायला लागणारा खर्च त्यातून वजा करायचा. उरेल ती किंमत. मुंबईत चालती, नीट लावलेली यूओ-८, माप जुळणारा शौकीन भेटला तर, अठरा-वीस हजारांपर्यंत जाईल असा माझा अंदाज आहे. त्याच्यावर जायचा रस्ताच नाही, कारण त्यापुढे माणूस नवी, हलकी, वॉरंटीची रोड बाइक घेण्याचा विचार करतो.

आता वजाबाकी. टायर-ट्यूब अडीच हजार. लोखंडी निकेलच्या रिम काढून ॲल्युमिनियमची चाकं सहा हजार. चेन आणि फ्रीव्हील दोन हजार. केबल आणि ब्रेकची रबरं हजार. हँडलची दांडी दीड हजार. ओव्हरऑयलिंग, छर्रे, चाकांचा आउट काढणं आणि एकंदर मजुरी धरून अडीच हजार. बेरीज साडेपंधरा हजार. हे ढोबळ आकडे आहेत, तुमच्या मिस्त्रीचे वर-खाली होतील. वीसातून साडेपंधरा वजा केले तर उरले साडेचार, अठरातून केले तर अडीच. म्हणजे चोर बाजारातला तो माणूस तुम्हाला लुटत नव्हता. त्याने हाच हिशोब उभ्या उभ्या मनातल्या मनात केला!

कॅफेवाला बारा का देतो, तर त्याला ही वजाबाकी करायचीच नाही. त्याला टायर नकोत, चेन नको, ब्रेक लागतात का हे बघायचं नाही. त्याला हवा आहे जुना पांढरा रंग, पुसट झालेली अक्षरं, वाकडं हँडल आणि सगळे मूळचे भाग जागेवर. तुमच्या गल्लीतला सायकलवाला नऊ हजार घेऊन नेमकं तेच पुसून टाकणार आहे. चकचकीत पावडर-कोटिंग केलेली यूओ-८ भिंतीवाल्याला नको असते, कारण ती जुनी दिसत नाही. आणि चालवणाऱ्याला तिच्या रंगाशी देणंघेणं नसतं, तो गियर टाकून बघतो. तीस हजार तिला कोण देणार, हे त्या सायकलवाल्याला विचारा. स्वतः देणार का, तेही विचारा.

म्हणून विकायची असेल तर फक्त पुसा. साबणाच्या पाण्यात ओलं केलेलं मऊ फडकं, नंतर गाडीला लावतात ते साधं मेण. निकेलवरचा वरवरचा गंज घरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासलात तर बराच निघतो. स्टिकरच्या जवळपास रॉकेल नेऊ नका.

चाकांच्या खर्चावर तुमचा चुलत भाऊ बोट ठेवेल, म्हणून त्याचं कारण सांगून टाकतो. निकेलच्या लोखंडी रिमवर पावसात ब्रेक जवळजवळ लागतच नाही. दाबत राहायचं आणि सायकल आपली पुढे सरकत राहते. जुलैत ऑपेरा हाऊसच्या सिग्नलला हे परवडणारं नाही. अमेरिकेसाठी बनलेल्या यूओ-८ ची चाकं बहुधा २७ इंची असतात. २७ इंची चाकात टायर बसतो ती कड ६३० मिलिमीटर व्यासाची असते आणि आजकालच्या ७०० सी चाकात ६२२ ची. ब्रेकची रबरं चार मिलिमीटर खाली आणली की ७०० सी बसतात. तिच्यावरचे माफाक कंपनीचे ब्रेक यासाठी सोयीचे आहेत, कारण त्यांना वर-खाली करायला भरपूर जागा असते. माफाक ब्रेक हा तिचा सगळ्यात चांगला भाग. सिम्प्लेक्स कंपनीचे डेरेलर, म्हणजे गियर बदलताना चेन सरकवणारे भाग, मात्र डेलरिन नावाच्या प्लास्टिकचे. ते वयाने ठिसूळ होतात आणि तडकतात. हँडलची दांडी आवा कंपनीची असेल तर तीही बदलायचीच. आतल्या खाचेपाशी तडे जाण्याबद्दल ती जुन्या सायकलींच्या जगात बदनाम आहे, आणि हँडल हातात येणं ही काही गंमत नव्हे.

खरी डोकेदुखी पुढे आहे. ही फ्रेंच सायकल, तिचे आटे फ्रेंच. बीबीची, म्हणजे क्रँकचा मधला एक्सल जिथे फिरतो त्या जागेची, कटोरी ३५ मिलिमीटरची, एका मिलिमीटरच्या आट्याची आणि दोन्ही बाजूंना उजवे आटे. इंग्लिश मापात एक बाजू उलट्या आट्यांची असते. पायडलचे आटे १४ मिलिमीटरचे. हँडलची दांडी २२ ची, आजकाल मिळते २२.२ ची. कॉटर पिनही ९ मिलिमीटरची, तर आपल्या काळ्या सायकलींना लागते ती साडेनऊची. आपला मिस्त्री पिढ्यान्‌पिढ्या इंग्लिश मापावर वाढलेला. तो 'बसेल हो' म्हणत कटोरी पान्याने रेटतो आणि पन्नास वर्षं टिकलेले आटे दोन मिनिटांत खाल्ले जातात. कॉटर काढायला हातोडा उचलला की त्याला थांबवा. आधी तेल सोडा, रात्रभर राहू द्या. आटे गेले की भिंतीपलीकडे त्या फ्रेमला गिऱ्हाईक नाही.

याच कारणासाठी मधल्या फळीत चालवायला घ्यायची जुनी सायकल मला विचाराल तर मी जपानी सांगेन. फुजी, मियाता, पॅनासॉनिक यांच्या ऐंशीच्या दशकातल्या क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम) पोलादाच्या सायकली इंग्लिश आट्यांच्या, त्यामुळे सुटे भाग मिळतात. गियरही चांगले. सनटूर या जपानी कंपनीने १९६४ मध्ये तिरक्या समांतरभुजाची रचना आणली. तिच्यामुळे डेरेलर मागच्या प्रत्येक दातेरी चकतीच्या जवळून जातो आणि गियर सुखाने पडतो. त्या काळी मधल्या जपानी सायकली युरोपातल्या महाग सायकलींपेक्षा गुळगुळीत गियर टाकत. शिमानोच्या जुन्या भागांवर कोरलेल्या दोन अक्षरांवरून सायकलचं वयही निघतं. पहिलं अक्षर वर्षाचं, ए म्हणजे १९७६ आणि पुढे दर वर्षी एकेक. दुसरं महिन्याचं. विकणारा सायकल १९८० ची सांगतो आणि डेरेलरवर पहिलं अक्षर आय दिसतं, तर तो भाग १९८४ चा. आपल्या हिरो हॉककडे लोक आता आठवणींपोटी वळतात. वरळीच्या हिंद सायकल कारखान्याच्या किंवा आसनसोलच्या सेन-रॅलेच्या सायकलींचंही तेच. त्यांना भाव येतो तो भावनेचा, आणि भावनेच्या व्यवहारात अंदाज सांगायचं धाडस मी करत नाही.

तुमच्या सायकलकडे परत येऊ. कॅफेवाला बघायला येण्याआधी दोन गोष्टी तपासा, कारण त्यांच्यावरून तो भाव पाडू शकतो. एक, पुढच्या चिमट्याच्या मागे, हँडलची नळी आणि खाली उतरणारी नळी जिथे जुळतात त्याच्या खालच्या अंगाने बोट फिरवा. रंगाला सुरकुती किंवा बारीक फुगवटा लागला तर सायकल कधीतरी समोरून आदळली आहे. भिंतीसाठी चालेल, चालवण्यासाठी नाही. दोन, सीटचा दांडा काढल्यावर मोबाइलची बॅटरी लावून नळीत डोकवा. चौपाटीपासून हाकेच्या अंतरावर, खाऱ्या वाऱ्यात आणि उघड्या गॅलरीत इतके पावसाळे काढलेली सायकल बाहेरून ठीक दिसते आणि आत पाणी साठून बीबीपाशी पोखरलेली असते. तपकिरी थर असेल तर हरकत नाही. पापुद्रे सुटत असतील तर तेही त्याला स्वतःहून सांगा, नाहीतर पुढे शब्द येतो. दांडा निघतच नसेल तर जोर लावू नका. अडकलेला दांडा भिंतीवर कुणाला दिसत नाही.

फ्रेमचं मापही घेऊन ठेवा, क्रँकच्या मध्यापासून सीटच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंत. ५३-५४ सेंटिमीटर असेल तर चालवणारा एखादा शौकीनही शोधता येईल. ५८-६० असेल तर मुंबईत तेवढा उंच गिऱ्हाईक मिळेपर्यंत तुमची चाळ पडून टॉवर उभा राहील.

घरातलं कुणी खरंच ती चालवणार असेल, तर वरचा सगळा हिशोब गुंडाळून ठेवा. पुतण्या किंवा तुमची मुलगी सकाळी मरीन ड्राइव्हला नेणार असेल, तर साडेपंधरा हजार हा त्या सकाळींचा खर्च, तो विक्रीतून परत मिळायला हवा असा आग्रह धरू नका. पण 'कधीतरी करू' असं म्हणत ती ट्रान्झिटच्या खोलीत हलवायची असेल तर नको. तिथे माणसांनाच जागा नसते.

चुलत भावाचं म्हणाल तर त्याचा संशय आकड्यांनी जातो, शपथांनी नाही. सायकल काकांची होती, तेव्हा पैसे काकूंचे. तिन्ही भाव आणि ही वजाबाकी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका आणि त्याला आठ दिवस द्या. बारा हजारांच्या वर देणारा त्याने पुण्यात शोधला, तर सायकल त्याला द्या, ट्रेनने न्यायचा खर्च त्याचा. नाही मिळाला तर कॅफेवाल्याकडून पैसे थेट काकूंच्या खात्यात घ्या. जुनी पावती, काकांचा सायकलसोबतचा फोटो किंवा पालिकेचा जुना बिल्ला असं काही पेटीत सापडलं तर त्याचे मोबाइलवर फोटो काढून कॅफेवाल्याला पाठवा आणि मग चौदा मागा. भिंतीवर लावणाऱ्याला गोष्ट हवी असते, आणि तिचे दोन हजार तो खळखळ न करता देतो. मूळ फोटो मात्र देऊ नका.

आणि माळ्यावर हवा भरायचा तिचा फ्रेमला अडकवायचा मूळ पंप पडला असेल, तर तो सौद्यात नुसताच सोडू नका. पंपाचे वेगळे पैसे होतात.